पीसीओएस : गोळीने पाळी येते, पाळणा हलतोच असे नाही

परळी वैजनाथ : मासिक पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबणे आणि लग्नाला चार वर्षे उलटूनही पाळणा न हलणे, या दोन तक्रारी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात पुष्कळदा हातात हात घालून येतात. त्यांच्या मुळाशी अनेकदा एकच विकार असतो. त्याचे नाव 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम', म्हणजेच पीसीओएस. बोलण्यात त्याला पीसीओडी असेही म्हटले जाते. या विकारावर सर्रास लिहून दिले जाणारे औषध म्हणजे गर्भनिरोधक गोळी. जिला मूल हवे आहे तिच्याच हाती मूल होऊ न देणारी गोळी पडते, तेव्हा ती आणि तिचे घरचे गोंधळून जातात. काही जणी उपचारच सोडून देतात, तर काही जणी पाळी नियमित झाली या समाधानात दोन-दोन वर्षे गोळी घेत राहतात. दोन्ही प्रकारांत मातृत्वाच्या दृष्टीने मोलाचा काळ हातचा निघून जातो.

वस्तुस्थिती अशी आहे, की मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी पीसीओएसवरील उपचारांचा मार्ग गर्भनिरोधक गोळीवरून जात नाही. तो मार्ग वेगळा आहे, बराचसा स्वस्त आहे आणि त्याच्या पहिल्या काही पायऱ्या परळीसारख्या तालुक्याच्या गावीही चढता येतात.

विकार नेमका काय?

१९३५ साली शिकागो येथील इर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पाळी न येणे आणि बीजांडकोष आकाराने मोठे असणे ही लक्षणे या सर्व स्त्रियांमध्ये होती. दोघा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून बीजांडकोषांचा थोडा भाग काढून टाकला. त्यानंतर सातही जणींची पाळी सुरू झाली आणि त्यांपैकी दोघींना दिवस गेले. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९६० मध्ये. म्हणजे या विकारावरील उपचारांचा इतिहास गोळीहून पाव शतकाने जुना आहे.

पीसीओएसमध्ये बीजांडकोषात दिसणारे बारीक फुगे हे खऱ्या अर्थाने गाठी नसतात. स्त्रीबीज धारण करणाऱ्या लहान पुटिका वाढता वाढता मध्येच थांबतात. त्यांच्यातून बीज पक्व होऊन बाहेर पडत नाही. शरीरात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते, त्यामुळे हनुवटीवर लव येते, मुरुमे होतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. अनेक जणींमध्ये इन्शुलिनला शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही. स्वादुपिंड मग अधिक इन्शुलिन तयार करते आणि ते वाढलेले इन्शुलिन बीजांडकोषांना आणखी पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते. हे दुष्टचक्र एकदा लक्षात आले, की कोणते औषध कोठे काम करते हे समजणे सोपे जाते.

हा विकार दुर्मीळ नाही. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील ७७८ मुली व तरुणींची पाहणी केली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत एका निकषानुसार २२.५ टक्के, तर दुसऱ्या, अधिक कडक निकषानुसार १०.७ टक्के जणींमध्ये पीसीओएस आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभरात १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रियांची पाहणी झाली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा हे प्रमाण निकषांनुसार ७.२ ते १९.६ टक्के इतके भरले. निकष बदलला की रुग्णांची संख्या दुपटीहून अधिक होते, ही गोष्ट निदानाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गोळी काय करते?

गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची कृत्रिम रूपे असतात. सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी 'माला-एन' याच प्रकारातील. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही. गोळ्यांचा एक क्रम संपला, की गर्भाशयाचे अस्तर गळून रक्तस्राव होतो. महिन्याच्या महिन्याला होणारा हा स्राव पाळीसारखा दिसतो. मात्र त्यामागे बीज तयार झालेले नसते. गोळी बंद केल्यावर पूर्वीची अनियमितता बहुधा परत येते, कारण मूळ बिघाड तसाच राहिलेला असतो.

याचा अर्थ गोळी निरुपयोगी किंवा घातक आहे, असा नाही. जिला सध्या मूल नको आहे, तिच्यासाठी ती पाळी नियमित करणारे, मुरुमे व लव कमी करणारे आणि गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करणारे औषध आहे. उच्च रक्तदाब, रक्तात गुठळी झाल्याचा पूर्वेतिहास किंवा दृष्टीदोषासह होणारी अर्धशिशी असल्यास मात्र ती टाळावी लागते. प्रश्न गोळीच्या चांगले-वाईटपणाचा नसून उद्देशाचा आहे. समोरच्या स्त्रीला मूल हवे आहे की नको, हे विचारल्याशिवाय लिहिलेली चिठ्ठी अपुरीच राहते.

पाळी लांबत असेल आणि गोळी नको असेल, तरी एक काळजी घ्यावीच लागते. तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि कालांतराने त्यात कर्करोगाकडे नेणारे बदल होऊ शकतात. अशा वेळी आधी गर्भ राहिलेला नाही ना, याची तपासणी करून डॉक्टर ठराविक दिवसांसाठी केवळ प्रोजेस्टेरॉन गटातील गोळ्या देतात. त्या थांबवल्यावर स्राव होऊन अस्तर मोकळे होते. हेही संप्रेरकच असले, तरी अशा मोजक्या दिवसांच्या मात्रेवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही.

येथे आणखी एका गोळीचा उल्लेख आवश्यक आहे. 'छाया' या नावाने सरकारी केंद्रांतून मिळणारी, आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची गर्भनिरोधक गोळी संप्रेरकरहित आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ती विकसित केली. 'हार्मोन नाही म्हणजे चालेल' अशा समजातून पीसीओएस असलेल्या स्त्रीने ती स्वतःहून घेऊ नये. या विकारात ती न देण्याच्या सरकारी सूचना आहेत.

निदानाची घाई नको

२००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी आढळल्या तर पीसीओएसचे निदान होते. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ किंवा तिची लक्षणे आणि सोनोग्राफीत दिसणारे विशिष्ट प्रकारचे बीजांडकोष, या त्या तीन गोष्टी. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही ग्राह्य धरली आहे. पहिली दोन लक्षणे स्पष्ट असतील, तर निदानासाठी सोनोग्राफीची गरजच नसते. थायरॉइड व प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्या करून पाळी लांबण्याची इतर कारणे मात्र आधी वगळावी लागतात.

किशोरवयीन मुलींच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. पहिली पाळी आल्यानंतर वर्षभर ती अनियमित असणे स्वाभाविक मानले जाते आणि ती स्थिरावायला तीन वर्षेही लागू शकतात. पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, कारण या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोषातही अशा पुटिका दिसतात.

बीड जिल्ह्यात या सूचनेला वेगळेच महत्त्व आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के तरुणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे दिसले. राज्याचे प्रमाण याच्या निम्मे, म्हणजे सुमारे २२ टक्के होते. सतराव्या वर्षी सासरी आलेल्या मुलीला वर्षभरात दिवस गेले नाहीत, की घरात कुजबुज सुरू होते. मग सोनोग्राफी होते, अहवालात पीसीओडी ही अक्षरे येतात आणि मुलीच्या कपाळी वांझपणाचा शिक्का बसतो. ज्या वयात लग्न कायद्यानेच निषिद्ध आहे, त्या वयात केलेले हे निदान शास्त्रालाही धरून नसते.

नवऱ्याची तपासणी ही दुसरी दुर्लक्षित बाब. मूल न होण्यामागे पुरुषातील दोष हे नेहमी आढळणारे कारण आहे. वीर्यतपासणी स्वस्त आणि विनावेदना आहे. ती झाल्याशिवाय बायकोला बीज तयार होण्याची औषधे देत राहणे, हा पैसा आणि वेळ दोन्हींचा अपव्यय ठरतो.

उपचारांच्या पायऱ्या

पहिली पायरी आहार व व्यायामाची. वजन जास्त असेल, तर ते पाच ते दहा टक्क्यांनी घटले तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप सुधारते. सत्तर किलोच्या स्त्रीसाठी हे प्रमाण साडेतीन ते सात किलो भरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत वजन जास्त असलेल्या १४९ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला सोळा आठवडे गर्भनिरोधक गोळी, दुसऱ्याला आहार, व्यायाम व वजन घटवण्याची औषधे आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. नंतर सर्वांना बीज तयार होण्याचे औषध दिले. बीज बाहेर पडण्याचे प्रमाण केवळ गोळीच्या गटात ४६ टक्के, वजन घटवलेल्या गटात ६० टक्के आणि दोन्ही दिलेल्या गटात ६७ टक्के होते. मूल हवे असलेल्या स्त्रीला आधी काही महिने गोळीवर ठेवण्याच्या प्रथेविषयी विचार करायला लावणारी ही आकडेवारी आहे.

कोणताही एक विशिष्ट आहार सर्वश्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे, ताक हे मराठवाड्यातील रोजचे जेवण योग्य प्रमाणात घेतले तर पुरेसे आहे. साखरेचा चहा, बेकरीचे पदार्थ व तळलेला फराळ यांवर मात्र ताबा हवा. आठवड्याला किमान अडीच तास झपाझप चालण्याइतका व्यायाम सुचवला जातो. तथापि, 'वजन कमी करा' हा सल्ला सरसकट देण्यासारखा नाही. सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस होतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईला उपाशी राहायला सांगणे अपायकारकच ठरेल.

दुसरी पायरी मेटफॉर्मिनची. मधुमेहावरील हे जुने व स्वस्त औषध शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होऊ शकतात, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. पाळी नियमित व्हायला त्याची मदत होते. परंतु मूल होण्यासाठी एकटे मेटफॉर्मिन फारसे पुरत नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००७ साली आलेल्या ६२६ स्त्रियांवरील चाचणीत केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या ७.२ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्या २२.५ टक्के स्त्रियांना मूल झाले.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे बीज तयार करणारी औषधे. अनेक दशके या कामासाठी क्लोमिफीन वापरले गेले. आता पहिली पसंती लेट्रोझोलला दिली जाते. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस घ्यायची ही गोळी शरीरातील इस्ट्रोजेन तात्पुरते कमी करते. त्यामुळे मेंदूतील पीयूषिका ग्रंथी बीजांडकोषाला चालना देणारे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि थांबलेली पुटिका वाढू लागते. २०१४ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ७५० स्त्रियांवरील चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. भारतात वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये बंदी आली होती. २०१७ मध्ये ती उठवण्यात आली. मुळात स्तनाच्या कर्करोगासाठीचे हे औषध आहे, असे खोक्यावर वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यावे.

या औषधांना दाद न मिळाल्यास इंजेक्शने आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे पुढचे पर्याय. इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक बीजे तयार होऊन जुळे-तिळे राहण्याचा किंवा बीजांडकोष सुजून पोटात पाणी होण्याचा धोका असतो. म्हणून वारंवार सोनोग्राफी करण्याची सोय असेल तेथेच ती घ्यावीत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बीजांडकोषाला सूक्ष्म छिद्रे पाडतात. स्टाइन आणि लेव्हेंथाल यांच्या जुन्या शस्त्रक्रियेचेच हे सौम्य रूप असून १९८४ मध्ये नॉर्वेतून त्याचा पहिला अहवाल आला. टेस्ट ट्यूब बेबी ही अखेरची पायरी. पीसीओएसमध्ये बीजांची संख्या सहसा कमी नसते, त्यामुळे थेट या पायरीवर उडी घेण्याची गरज थोड्याच जणींना पडते. असे उपचार करणारे केंद्र २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे आवर्जून पाहावे.

इनॉसिटॉलसारखी पूरके आणि निरनिराळे काढे यांची जाहिरात मोठी आहे. त्यांच्याविषयीचा पुरावा मात्र अद्याप तोकडा आहे. ती घ्यायचीच असतील, तर डॉक्टरांना सांगून घ्यावीत आणि त्यापायी मुख्य उपचार लांबवू नयेत.

बीडने दिलेला धडा

पाळीच्या तक्रारीचे नीट निदान झाले नाही तर काय घडू शकते, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड कामगार महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा महिलांमागे एक. त्याच वर्षी जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवर आले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या अमलात आणण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिले.

ही आकडेवारी पीसीओएसची नाही. जास्त रक्तस्राव, अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी अशा अनेक तक्रारी तिच्यामागे होत्या. धडा मात्र एकच आहे. अनियमित पाळी हे लक्षण आहे आणि लक्षणाचे कारण शोधावे लागते. केवळ पीसीओएस आहे म्हणून गर्भाशय काढण्याचे काहीच कारण नसते, कारण मूळ बिघाड गर्भाशयात नसतोच.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी उपचारांचे वेळापत्रकही वेगळे आखावे लागेल. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गेलेली जोडपी उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात एक दिवस काम चुकले, तरी मुकादम खाडा धरतो. दर महिन्याला ठराविक दिवशी तपासणीला या, असे अशा बाईला सांगणे व्यर्थ आहे. तपासण्या, रक्तवाढ, मेटफॉर्मिन आणि फॉलिक ॲसिड हे आधी सुरू करून लेट्रोझोलचे महिने गावी असण्याच्या काळात, उन्हाळा ते दसरा या दरम्यान, बसवणे हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा आहे.

परळीत काय शक्य आहे?

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या वैद्यनाथाच्या या नगरीत समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी या लिंगातच दडले, अशी आख्यायिका सांगितली जाते. संतानासाठी नवस बोलणारी दांपत्ये महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या देवस्थानी दिसतात. श्रद्धा ज्याची त्याची, पण नवस फेडेपर्यंत तपासणी थांबवून ठेवण्याची गरज नाही. पाळी नियमित असेल तर पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावे, असा संकेत आहे. पाळीच अनियमित असेल, तर एवढेही थांबू नये.

थायरॉइड, साखर व वीर्य यांची तपासणी, सोनोग्राफी आणि सुरुवातीची औषधे यांसाठी मोठ्या शहराकडे धाव घेण्याचे कारण सहसा नसते. तालुक्याच्या ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे. साधारण पंचवीस किलोमीटरवर अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. इंजेक्शने किंवा टेस्ट ट्यूब बेबीची वेळ आली, तर लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याचा विचार करता येतो.

दिवस राहिल्यानंतरही काम संपत नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भारपणातील मधुमेह व रक्तदाब यांचे प्रमाण अधिक असते. म्हणून साखरेची चाचणी गर्भधारणेपूर्वी आणि गर्भारपणात करून घ्यावी. पुढील आयुष्यातही मधुमेहाची तपासणी ठराविक वर्षांनी करत राहावी.

डॉक्टरांना विचारावेत असे प्रश्न

* हे निदान कोणत्या दोन निकषांवरून झाले? थायरॉइड व प्रोलॅक्टिन तपासले का?
* पतीची वीर्यतपासणी झाली का?
* लिहून दिलेली गोळी पाळी आणण्यासाठी आहे, की बीज तयार होण्यासाठी?
* बीज बाहेर पडले की नाही, हे कसे आणि कोणत्या दिवशी पाहणार?
* हे औषध किती महिने घ्यायचे आणि गुण न आल्यास पुढची पायरी कोणती?

यांतील तिसरा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. चिठ्ठीवरची गोळी पाळीसाठी आहे की बाळासाठी, एवढे जरी प्रत्येक दांपत्याला पहिल्याच भेटीत कळले, तरी अनेकांची दोन-तीन वर्षे वाचतील.